बाळाराम काका म्हैस घेत नाहीत

म्हैस घ्यायची नाही हे पक्कं ठाऊक असून दोन दोन दिवस सौदा करणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं आहे. आमच्या दापोड्याचे बाळाराम काका.

दापोडं म्हणजे भिवंडीजवळचं असं गाव, जिथे घरांपेक्षा गोडाऊनं जास्त. देशभरच्या मिक्सरांना, चपलांना आणि मोबाइलच्या कव्हरांना आमच्या गावात पक्कं छप्पर आहे. म्हशीला नाही. काकांचा तबेला होता त्या जागेवर त्यांच्या मुलानं, निलेशदादानं, गोडाऊन बांधायला दिलं. म्हशी एका व्यापाऱ्यानं ट्रकमध्ये चढवून नेल्या. काका-काकू तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. मी तेव्हा खाडी बुजवण्याविरुद्ध पत्रकं वाटत होते. एक पत्रक काकांनाही दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात म्हशीचं नाव कुठं न्हाय?"

फ्लॅटमध्ये काका टिकेनात. पहाटे धारेच्या वेळी जाग यायची, मग जिना खाली-वर. वॉचमनला एकदा म्हणाले, "पुढच्या पायात जोर न्हाय तुझ्या. पेंड कमी पडते." माणसाकडे ते असेच बघतात. आधी पाय, मग पोट, शेवटी नजर. निलेशदादाच्या सासऱ्यांना त्यांनी सोयरीक ठरतानाच सांगितलं होतं, "पोरीचा चेहरा बरा हाय, पन चालीत आळस हाय."

मे महिन्यात निलेशदादा वैतागून म्हणाला, "कुठंतरी फिरून या. महाबळेश्वरला जा."

"तिथं म्हशी कुठल्या?"

"बाबा, लोक थंड हवा खायला जातात!"

"हवा खाऊन दूध देतात का?"

शेवटी सौराष्ट्र ठरलं. काकांच्या सगळ्या म्हशी तिथल्या, जाफराबादी. मोठं कपाळ, डोळ्यांवर उतरलेली शिंगं. "जन्मभर सुना आणल्या," काका म्हणाले, "त्यांचं माहेर बघायचं राह्यलं." काकूंनी एकच अट घातली. "म्हैस घेतलीत तर मी तिथूनच खारबावला माहेरी जाईन. या म्हशींनी माझी हाडं खाल्ली. सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडायच्या आत धारेला परत आले मी." माहेरी आता एका कुलपाशिवाय कोणी नव्हतं. पण अट ती अट. काकांनी मान हलवली.

गाडी चालवायला शेजारच्या घरातली मी. निलेशदादाला वेळ नव्हता, आणि गुरांना हॉर्न मारणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत काका बसत नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही वापीपर्यंत नीट पोचलो. त्यानंतर "थांब थांब थांब!" सुरू झालं. गाडी उभी राहायच्या आत काका दार उघडत. म्हशीच्या तोंडात बघत, कासेला हात लावत आणि मुंबईच्या हिंदीत मालकाला विचारत, "देने का है क्या?" काकू मागच्या सीटवर पदर तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग करत.

डाव मला भावनगरच्या पुढे कळला. म्हशीच्या व्यवहारात एक रीत आहे. विकणारा आदल्या वेळचं दूध कासेतच ठेवून म्हैस जास्त दुधाची असल्याचं भासवू शकतो. म्हणून गिऱ्हाईक लागोपाठ तीन धारा स्वतः काढून बघतं. संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ. मुक्काम मालकाच्याच घरी. काका त्या रीतीवर प्रवास करत होते. गिऱ्हाईक बनून अंगणात शिरायचं, तीन धारा काढायच्या आणि मग दोष काढून निघायचं.

दोषही काय एकेक! "शिंगात गर्व हाय." "डावा सड उदास हाय." एका देखण्या म्हशीला तर, "नजर सासूची हाय, आमच्या घरात एक झाली."

मी भडकले. गाडी कडेला घेऊन म्हणाले, "काका, ही चक्क फसवणूक आहे. गरीब माणसांचे दिवस खाता तुम्ही."

"खातो कुठं गो? शेण काढतो, गोठा झाडतो, धार काढतो. फुकटचा गडी मिळतो त्यांना."

"आणि आशा लावता त्याचं काय?"

काकांनी काच खाली केली. जीभ दातावर ठेवून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, पटलं. इतक्यात, "थांब थांब थांब!"

अशानं आम्ही गीरच्या कडेला कानाभाईच्या वाडीवर पोचलो. कानाभाई म्हशींचा धनी, साठीचा, पांढऱ्या मिशांचा. त्याची प्रत्येक म्हैस नावानं हाक मारली की येते. त्यानं "चांदरी!" अशी हाक दिली आणि कळपातून एकच म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, मान हलवत आली. काका तिच्याकडे बघत राहिले. नेहमीसारखे तिच्या तोंडात बोटं घालायला गेले नाहीत. आधी तिच्या पाठीवरच्या माश्या हाकलल्या.

संध्याकाळी पहिली धार काढली, सकाळी दुसरी. आज काका बडबडत नव्हते. रेडकासाठी एक सड भरलेला सोडून उठले. "आपल्या तबेल्यात रेडकाला काय मिळायचं न्हाय," एवढंच म्हणाले, आणि नदीकडे जाऊन आले, गोठ्यात गेले, परत नदीकडे गेले.

दुपारी एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याला चांदरी हवी होती. कानाभाईनं काकांकडे बोट दाखवलं. "बात हो गई है. ये भाई ले जा रहे हैं." टेम्पो रिकामा गेला. आता दोष काढला तर या माणसाचं गिऱ्हाईक आमच्यामुळे गेलेलं.

उन्हं कलू लागली. कानाभाईनं विचारलं, "तो फिर, काका? पसंद है?"

काका चांदरीभोवती फिरले. पाय बघितले, शिंगं बघितली, खाली वाकून कास बघितली. पुन्हा फिरले. घाम पुसला. त्यांना काही सापडेना.

काकू उठल्या. ठसक्यात म्हशीच्या मागे गेल्या आणि म्हणाल्या, "शेपूट आखूड हाय."

"आखूड?" काका असे उसळले की रेडकू पळालं. "डोळं फुटलं का तुझं? ह्ये शेपूट आखूड? असं शेपूट भिवंडी तालुक्यात कुनाच्या दारात व्हतं का ते सांग!"

"मग घ्या की!" काकू म्हणाल्या. "बांधा तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टनं चढवा."

काका खाली बसले, थेट शेणात. मग हात जोडून कानाभाईला म्हणाले, "भाई, इसमें दोष नहीं. दोष मेरे में है. मेरे पास जगह नहीं. पहले से मालूम था मेरे को."

मी खाली बघितलं. आता शिव्या बसणार, आणि त्या बसायलाच हव्यात.

कानाभाईनं मिशी चोळली. मग तोही काकांशेजारी बसला. "मेरे को भी कहाँ बेचनी थी? लड़का रोज बोलता है, बेच दो. मैंने सोचा, ये काका सबमें दोष निकालते हैं, पीछे के गाँव से खबर आई थी. इसमें भी निकालेंगे. लड़के को बोल दूँगा, देख, नहीं बिकी."

आधी कानाभाई हसला, मग काका. हसता हसता काकांना ठसका लागला.

"शाम की धार बाकी है," कानाभाई म्हणाला आणि बादली पुढे केली.

काकांनी हात मागे घेतला. "आता कुठल्या तोंडानं घेऊ?"

बादली काकूंनी घेतली. हाडं खाल्ली म्हणणाऱ्या काकूंनी. बांगड्या कोपराकडे सारल्या, पदर खोचला आणि उकिडव्या बसल्या. चांदरी बिचकून बाजूला सरली. तेव्हा काका उठून तिच्या तोंडाशी गेले, मानेखाली खाजवत आपल्या भाषेत बोलू लागले. "घाबरू नको गो. घरचीच हाय ती. हात बघ कसा हलका हाय तिचा." चांदरीनं पान्हा सोडला.

बादलीत धार वाजायला लागली. एका लयीत, जराही न अडखळता. काकूंनी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं होतं. धार थांबली नाही, पण त्यांचे खांदे हलायला लागले.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, गाडी जरा पुढं घे. उन्हात तापतेय."

गाडी वडाच्या सावलीत होती. मी किल्ली घेतली आणि गाडी पुढे नेली.