याकोबकाकांची हद्द

प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, तेव्हा आमचे याकोबकाका डोळे उघडून माणसं मोजायचे. बोट हवेत फिरवत, ओठांतल्या ओठांत. एखादी पोटुशी बाई दिसली की "आनि अर्धा" म्हणायचे. तेवढं मात्र सगळ्यांना ऐकू जायचं.

काका मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आणि कराडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पंच. मी तिथं पेटी वाजवतो, म्हणजे त्यांच्या शेजारीच बसतो. "माणूस लय वाढलं, गड्या," हे त्यांचं दर रविवारचं वाक्य. खोटं नव्हतं. मलकापुरात नव्या इमारती झाल्या, बिऱ्हाडं वाढली आणि भक्तीला आलेले लोक दारात चपलांवर उभे राहू लागले.

शेवटी काकांनीच सभेत मांडलं, मंडळीचे दोन भाग करा. हायवेच्या अलीकडचे कराडात, पलीकडचे मलकापुरात.

पाळकसाहेब म्हणाले, "ज्याला जिथं सोयीचं, तिथं जावं की त्यानं."

काका ताडकन उठले. "आवं, मग हद्द कशाला म्हनायची तिला?"

ठराव झाला. पलीकडच्या एका म्हातारीला अलीकडच्या बहिणीशेजारी बसायचं होतं. तिलाही काकांनी सूट दिली नाही. ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पहिल्याच रविवारी आमचं देऊळ, म्हणजे कराडचं चर्च, निम्मं रिकामं. लेकुरवाळी बिऱ्हाडं जवळजवळ सगळी पलीकडं गेलेली. काकांचं मोजणं प्रार्थना संपायच्या आतच उरकू लागलं. असे दोन महिने गेले.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. "टेम्पो बघ रं एक."

शहात्तराव्या वर्षी, कराडात स्वतःचं घर असताना, काकांनी मलकापुरात भाड्यानं खोली घेतली होती!

"अहो काका, नुसते रविवारी गेला असता तर कुणी अडवलं असतं?"

"न्हाई. हद्द मीच घातली न्हवं?"

खाट, ट्रंक, बायकोचा फोटो. एवढंच सामान. हायवे ओलांडताना ते एकदम बोलू लागले.

"सुसान्ना गेल्यापासनं घरात आवाज न्हाई रं. आमाला पोर न्हाई. प्रार्थनेत ती बारकी पोरं मागनं माजा शर्ट वढायची. मी डोळं वटारायचो. आता कोन वढतच न्हाई."

मी फोटो नीट धरून बसलो.

टेम्पो थांबला तशी जिन्यावरची तीन-चार पोरं, मंडळीतलीच, धावत आली. एकानं बादली उचलली, एकीनं उशी.

"आजोबा, तुमी आता हितंच ऱ्हानार?" तिनं विचारलं.

काका खिशात रुमाल शोधू लागले. "व्हय," म्हणाले, "हितंच."