जिकडे तिकडे सिंह

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. चुळबुळ नको.

एका जंगलात कॉम्प्युटर आले होते. एक राजाच्या गुहेत, एक कोठारात, एक पाणवठ्याच्या चौकीत. सगळे एकमेकांना जोडलेले. त्यांची देखभाल गुणाजी साळिंदर करायचा.

एके दिवशी चौकीतून हुकूम सुटला. 'हरणांनी पाणवठ्यावर येऊ नये.' खाली नाव राजाचं.

हरणं पाडसांना घेऊन गुहेपाशी आली. पाडसांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या.

"मी असा हुकूम काढलेलाच नाही!" सिंह गरजला. "गुणाजी, कुठल्या कॉम्प्युटरवर कोण लॉगिन आहे, आत्ताच्या आत्ता बघ!"

गुहेतल्याच कॉम्प्युटरवर गुणाजी आपल्या नावानं लॉगिन झाला आणि शोधू लागला. पडद्यावर नावं उमटली, तसे त्याच्या अंगावरचे सगळे काटे ताठ झाले.

कोठारात सिंह. चौकीत सिंह.

"महाराज, सगळीकडे आपणच आहात."

"अरे, मी तर तुझ्यासमोर उभा आहे!"

"पासवर्ड कुणाला सांगितलात का?"

"म्हणजे काय? राजानं टायपिंग करत बसायचं? कामाला येईल त्याला सांगतो. चौकीतल्या तरसालाही सांगितलाय."

"मग महाराज, हुकूम तरसानंच..."

तरस तिथेच हात बांधून उभा होता. तो मुळीच चिडला नाही.

"माझं नाव दिसतंय का कुठे?" तो गोड आवाजात म्हणाला. "पण महाराज, एक परकं नाव मात्र दिसतंय. हे बघा. गुणाजी."

सिंहानं डोळे बारीक केले. "माझ्या कॉम्प्युटरवर हा कसा?"

"आपणच बघायला सांगितलंत, महाराज!"

"ऐकलंत? कबूल करतोय!" तरस ओरडला.

संध्याकाळच्या आत गुणाजीला जंगलाच्या हद्दीबाहेर काढलं. जाताना त्यानं हरणांकडे आशेनं पाहिलं. हरणांनी मान फिरवली. चोराशी कोण बोलणार?

हुकूम रद्द करायचा राहिला, कारण तो कसा करतात हे गुणाजीलाच ठाऊक होतं.

पण चोर सापडला म्हणून तरसानं पेढे वाटले. हरणांनीही दोन-दोन खाल्ले.

मग त्यांना फारच तहान लागली.

तात्पर्य : मुलांनो, कुठेही गेलात तरी आपलं खरं नाव सांगावं. गुन्हेगार शोधणाऱ्यांचे कष्ट वाचतात.