तीन माणसांची मिरवणूक

स्तोयानकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. आधी विचारतात, "परत कधी?"

ड्रेस्डेनला आले त्या दिवशी मी बॅगा ओढत जिन्यात धापा टाकत होते. तळमजल्याचं दार उघडलं, पांढऱ्या मिशा बाहेर आल्या आणि प्रश्न आला, "परत कधी?"

"अहो, आत्ताच तर आलेय!"

"गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणून आत्ताच विचारतो. नंतर विचारलं की लोक चिडतात." आणि जड बॅग उचलून वर आणून दिली.

काका बल्गेरियाचे. मी त्यांना काका म्हटलं की त्यांच्याच देशातून इथे शिकायला आलेली राद्का खो खो हसायची, कारण त्यांच्या भाषेत काका म्हणजे ताई. काकांनी मात्र तक्रार केली नाही.

ते इथे गणित शिकायला आले, ते गावच्या शाळेत मास्तर व्हायचं म्हणून. पदवी हातात पडेपर्यंत शाळाच बंद झाली, गावात पोरं उरली नव्हती. तेव्हापासून ते जर्मन मुलांना गणित शिकवतात आणि इथे शिकायला आलेल्या बल्गेरियन मुलांना छळतात. विद्यापीठाच्या खानावळीत आपली भाषा कानावर पडली की काका ताट घेऊन हजर. "आमचे जुने लोक परदेशी शिकले आणि घरी जाऊन शाळा काढल्या, छापखाने काढले. त्यातून देश उभा राहिला. तुम्ही काय काढलंत? सेल्फी?" मुलं निमूटपणे ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर जायची.

मला काका पटायचे. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. शिकलेल्या माणसानं समाजाला काय परत दिलं, हा प्रश्न मी वरणभाताबरोबर खाल्लाय. इथल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात नोकरी लागली की हा प्रश्न विसरणारे आपल्यातही थोडेथोडके नाहीत.

त्यांच्याकडे मे महिन्यात अक्षरांचा सण असतो. शाळेची मुलं फुलं आणि अक्षरं घेऊन गावातून निघतात. काका तीच मिरवणूक इथे एल्बे नदीच्या काठानं काढत. पुठ्ठ्याची अख्खी वर्णमाला त्यांनी स्वतः कापून रंगवलेली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एक अक्षर, अशी कल्पना. येणारी विद्यार्थिनी एकच, राद्का. मग मलाही भरती केलं. "कोलेगिन," म्हणजे सहकारी, "तुला मिरवणुकीचा अनुभव आहे." होता खरा. जयंतीच्या ताशापुढे नाचत मी मोठी झाले. पण इथे ताशा नाही, गर्दी नाही, आणि वर्णमाला तिघांत वाटायची. गळ्यात, पाठीवर, काखेत अक्षरं. एका आजींनी थांबवून विचारलं, "केवढ्याला देता?"

मिरवणुकीत खायचं नाही, ही काकांची शिस्त. राद्का पुलापाशी आईस्क्रीमच्या दुकानासमोर हमखास थांबायची. "अक्षरांनाही भूक लागते हो!" ती लिंबाचं आईस्क्रीम खाई आणि काका तिच्याकडे पाठ करून उभे राहत. "इतिहास तुला माफ करणार नाही."

गेल्या हिवाळ्यात आम्ही काकांकडे जेवायला बसलो होतो. राद्का म्हणाली, "मी परत चाललेय. आमच्या तालुक्याच्या शाळेत गणिताला कुणी नाही. मार्चमध्ये निघते."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काका बरणीतल्या भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या वाढत होते. चमचा हवेतच थांबला.

"आल्झो... म्हणजे... मार्चमध्ये थंडी असते गं तिकडे."

"माहितेय. मी तिथलीच आहे."

"मग डॉक्टरेट तरी कर. घाई कसली आहे?"

राद्काला ती थट्टा वाटली, ती हसली. मी तापले. "काका, तुम्हीच ना सगळ्यांना हाकलत होता?"

"मी कुठे नको म्हणतोय?" ते पुटपुटले आणि तिच्या ताटात मिरच्या वाढतच राहिले. बरणी संपली तेव्हा थांबले.

मार्चमध्ये तिला बसवर सोडायला गेलो. काकांनी अक्षरांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा. इथे कोण बघतं?" बस वळून दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात वरच होता.

या मे महिन्यात, सणाच्या सकाळी, काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. हात रिकामे.

"काका, अक्षरं कुठायत आपल्याकडे?"

"माणसं आहेत ना. चल."

दोघंच निघालो. राद्कानं फोटो पाठवला होता: शाळेचं पटांगण, मुलांची रांग, प्रत्येकाच्या हातात एकेक अक्षर. एकही अक्षर काखेत मारावं लागलं नव्हतं. काका दर चार पावलांवर थांबून तो मला पुन्हा दाखवत होते.

पुलापाशी ते आपणहून आईस्क्रीमच्या दुकानाकडे वळले.

"आणि शिस्त?" मी विचारलं.

त्यांनी लिंबाचं मागितलं, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मला लिंबाचं आवडत नाही," काका म्हणाले, आणि नदीकडे बघत सगळं संपवलं.