चिमट्यांचे दोन थर

शनिवारी दुपारी जीवशास्त्राच्या सरांनी गच्चीवरच्या दोरीचे झाडून सगळे चिमटे काढून आणले. सोमवारी शाळेत प्रदर्शन होतं आणि पेशीच्या आवरणाची प्रतिकृती करून देतो, असं ते मुख्याध्यापिकाबाईंना सांगून बसले होते. ज्या रेणूंचं हे आवरण बनतं, त्यांना एक डोकं आणि दोन पाय असतात. थेट कपड्यांच्या चिमट्यासारखे.

"एवढे कशाला लागतात?" दवाखान्यातली ड्यूटी संपवून आलेल्या बायकोनं विचारलं.

"अगं, शास्त्रज्ञांनी रक्तपेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली, तर तिनं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा घेतली. म्हणजे थर एक नाही, दोन. पायांकडे पाय करून."

"म्हणून खालच्या काकूंचे निळे चिमटेही आणलेत? विचारलंत त्यांना?"

सरांनी गोंदाची बाटली उघडली.

पुठ्ठ्यावर दोन्ही थर चिकटले. त्यावर प्रथिनं म्हणून टेबल टेनिसचे चेंडूही बसले. तेवढ्यात वारा सुटला आणि थोड्या वेळानं काकू दारात आल्या. त्यांच्या खांद्यावर ओली चादर होती.

"ही तुमची. आमच्या ह्यांची पँट समोरच्या झाडावर आहे. संध्याकाळी त्यांना सभेत भाषण करायचंय."

सरांनी निमूटपणे कपाटातून आपली पँट काढून दिली. काका उंच होते. ती त्यांच्या घोट्यापर्यंतही पोचणार नव्हती, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"आणि माझे चिमटे?" काकूंनी विचारलं.

आता इलाज नव्हता. बायकोनं टबात कोमट पाणी ओतलं आणि अख्खं पेशीपटल त्यात बुडवलं. ओला गोंद सुटला, चिमटे वर आले. त्यांच्यामधून चेंडू डुलायला लागले. काकूंनी एक निळा चिमटा उचलला, तशी बाजूचे चिमटे सरकून त्या जागी आले.

"थांबा काकू," सर हळूच म्हणाले. "खरं तर हे असंच असतं. आधी वाटायचं, आवरण म्हणजे थापून बसवलेलं, प्रथिनं वरून लिंपलेली. मग कळलं, सगळं थरातल्या थरात वाहतं असतं आणि प्रथिनं त्यातच रुतून तरंगतात."

"मग चिकटवलंत कशाला?"

सरांनी बराच वेळ मिनतवाऱ्या केल्यावर काकूंनी चिमटे सोमवारपर्यंत ठेवू दिले. मात्र प्रदर्शनात टबाशेजारी आपण स्वतः बसणार, ही अट घातली.

सोमवारी टबाभोवती मुलांची ही गर्दी झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी चिमटे बोटानं ढकलून पाहिले आणि त्या खूश झाल्या.

"पण सर, आवरण असं हलतं असेल, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात कसं आलं?" त्यांनी विचारलं.

सरांनी घसा साफ केला. काकूंनी टबावरची नजर काढली नाही.

"कुणीतरी चिमटे परत मागितले असतील," त्या म्हणाल्या.