तोंडाचा वास घेणाऱ्या काकू

आमच्या डेअरीवर नवीन कुणी आलं की शालिनीकाकू आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. अठरा गाईंचा रोज सकाळी घेतातच, पण माणसांनाही सोडत नाहीत. मी वाशीमहून आलो आणि नमस्काराला वाकून वर उठलो, तर काकूंचं नाक माझ्या तोंडाशी. म्हणाल्या, "अरे भिया, तुला तर किटोसिस होऊन राहिला आहे! कल से काही खाल्लं नाहीस ना?"

खरंच खाल्लं नव्हतं. त्यांनी आधी चार पोळ्या वाढल्या, मग नाव विचारलं. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. बाकी ठिकाणी आधी दाखला मागत.

इंदुरात सांवेर रोडच्या गोदामांमागे काकूंचा गोठा आहे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते म्हणे, म्हणून जनावराची नाडी आपल्या घराण्यात आहे असं त्या सांगतात. नाडीचं माहीत नाही, काकूंचा सगळा कारभार नाकावर. व्यालेली गाय पोटभर खाईना की अंगातली चरबी जळते आणि तिच्या श्वासाला गोडूस वास येतो. डॉक्टर त्यासाठी रक्ताचा थेंब मशीनवर तपासतात. "मशीनला सेल लागतो, भिया," काकू म्हणतात, "अपन को नहीं."

दुसरं वेड व्हिटॅमिनचं. गाभण गाईचं दूध आटवलं की भिंतीवर खडूने तिचं नाव लिहायचं आणि खाली ए, डी, ई. इंजेक्शनच्या दिवशी गाईला आधी हळदकुंकू, मग सुई. डॉक्टर हसले तर म्हणतात, "व्याल्यावर वार वेळेवर पडावी म्हणून ई, और कुंकू मेरे लिए."

कॅल्शियम मात्र विण्याआधी तीन आठवडे बंद. त्याचा डबा काकूंच्या साड्यांच्या कपाटात, कुलपात. "फुकटचं मिळालं की हाडं आळशी होतात. व्याल्यावर सगळं दुधात जाईल, तेव्हा अंगातून काढायची आदत पाहिजे ना!"

हे मी शंभरदा ऐकलं असेल. पण पहाटेपासून धारा, शेण, वैरण. अशा माणसाच्या कानावर पडलेलं डोक्यापर्यंत पोचतच नाही.

चंद्रा नावाची गाय गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत फार वाळल्यासारखी दिसायला लागली. तिला काही झालं तर काकूंचं कसं होईल, याच काळजीत मी होतो. ज्यांनी नाव विचारायच्या आधी जेवायला घातलं, त्यांच्यासाठी आपण काहीतरी करावं म्हणून मी दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली आणि चंद्राला रोज गुपचूप पाजली.

चंद्रा व्याली, कालवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रा उठेना. मान कुशीत वळवून बसलेली, कान गारठलेले. "मिल्क फीवर," काकू म्हणाल्या. नाव तापाचं, पण रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि अंग थंड. डॉक्टर आले, शिरेतून कॅल्शियम हळूहळू सोडू लागले. काकू चंद्राच्या गळ्यावर हात ठेवून पुन्हापुन्हा भिंतीकडे बघत होत्या. "हिला तर सब बरोबर दिलं होतं. मेरा ही कुछ चुकलं असेल."

त्या स्वतःची चूक शोधत होत्या, ते मला बघवेना. मी बाटलीचं सांगून टाकलं.

काकूंनी फक्त चंद्राचे गार कान चोळायला घेतले. बऱ्याच वेळाने चंद्रा थरथरली, मागचे पाय सावरत उभी राहिली. मी खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. पत्र्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "माताजी, इस आदमी को हटाओ. यहीं का कोई सीखा हुआ रख लो."

"रख लूँगी, काम भी कर लेगा," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पर घर में बच्चे-बहू सब हिंदी बोलते हैं, डॉक्टर साब. हमारे साहब के गुजरने के बाद मराठी में मुझसे यही एक बोलता है."

जरा वेळाने काकू माझ्या दारात. भरलेली पिशवी दिसली आणि तेव्हा कुठे त्या भडकल्या. "बेवकूफ! पुन्हा बाटली दिसली तर तुलाच पाजीन!" मग उंबऱ्यावर बसल्या. हातातली कासंडी खाली ठेवली.

"कालवड पिऊन एवढा चीक उरला. तुमच्याकडे खरवस कसा करतात रे?"

काकूंसारखा खरवस उभ्या इंदुरात कुणाला जमत नाही. "सांगतो काकू," मी म्हणालो, आणि भांडं कोणतं घ्यायचं तिथपासून, अगदी सावकाश, सुरुवात केली.