गोलरक्षकाच्या खरेपणाबाबत क्लबचा खुलासा

खरं बोलावं, हे सर्वांनाच मान्य आहे. वाद असतो तो फक्त वेळेचा.

साखळी सामन्यात चेंडू रेषेच्या आत गेला. पंचांना नीट दिसलं नाही, म्हणून त्यांनी गोलरक्षकालाच विचारलं. तो म्हणाला, "हो, आत गेला होता." संघ हरला आणि क्लबने त्याच्यावर मोसमभराची बंदी घातली. शहरात बोंबाबोंब झाली. अध्यक्ष चिटणिसांना म्हणाले, "रविवारच्या सामन्यानंतरही लोक गप्प बसले नाहीत, तर बंदी उठवू."

गोलरक्षक हा चिटणिसांचा सख्खा भाचा. त्यामुळे निःपक्षपातीपणा दाखवण्याची संधी त्यांच्याकडे आपण होऊन चालत आली होती.

त्यांनी आधी टीकेचा अभ्यास केला. निम्म्या टीकाकारांनी सामना पाहिलाच नव्हता. उरलेल्यांनी पाहिला होता, म्हणून त्यांचं मत पूर्वग्रहदूषित ठरलं. मग खुलासा निघाला: बंदी खरं बोलल्याबद्दल नसून विनापरवाना बोलल्याबद्दल आहे. ज्या खेळाडूस खरं बोलायचं असेल, त्याने आदल्या दिवशी तसं कळवावं (कितव्या मिनिटाला, तेही). खोटं बोलायला परवानगी लागणार नाही. खेळाडूंच्या स्वातंत्र्यात क्लब ढवळाढवळ करत नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, लहानपणी खोटं बोलला म्हणून त्याचा कान कोणी पिरगाळला होता रे?"

"अगं, तेव्हा तो कुठल्या संघात नव्हता!"

"दोन दिवस जेवला नाहीये तो."

भाच्याकडे जायला चिटणिसांनी चपला घातल्या. पण खुलाशात तशी तरतूद नव्हती.

रविवारी 'खऱ्याला न्याय द्या' असे फलक घेऊन आलेल्या लोकांनी गॅलरी खच्चून भरली. शेवटच्या क्षणी चेंडू पुन्हा आत गेला, चांगला वीतभर. पंचांनी नव्या गोलरक्षकाला विचारलं.

"छे हो! रेषेवरच होता."

संघ जिंकला. लोकांनी फलक टाकले, कुंपण ओलांडलं आणि त्या गोलरक्षकाला खांद्यावर घेतलं.

भाच्याने हळूच विचारलं, "मामा, आता माझं काय?"

"लोकांचं समाधान झालं रे बाळा," चिटणीस म्हणाले. त्याच्याकडे न बघता.

मैदानात पडलेले सगळे फलक क्लबने गोळा करून कचेरीत नीट रचून ठेवले आहेत. तुमचाही त्यात आहे. पुढचा सामना हरलो की घेऊन जा.