ठकूबाई साळूचा गोतावळा

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. पैसा तेवढा नव्हता.

अस्वल मध द्यायचं आणि पाणमांजराकडून मासे घ्यायचं. पण एके वर्षी पाणमांजराला मधाचा कंटाळा आला. "रोज काय मध? दात किडले माझे!" ते म्हणालं. झालं. जंगलाचा सगळा व्यवहार अडला.

सिंहमहाराजांनी प्रधान उदमांजरपंतांना बोलावलं. पंतांनी तीन दिवस डोळे मिटून विचार केला. (काही जण म्हणतात, झोपले होते.) चौथ्या दिवशी ते म्हणाले, "महाराज, आपल्याला पैसा हवा. म्हणजे अशी वस्तू, जी सगळ्यांना हवी असते आणि कोणाच्याच उपयोगाची नसते."

"खाता येणारी नको," महाराज म्हणाले. "हत्ती खजिना फस्त करील."

शेवटी ठरलं, साळूचा काटा हाच पैसा.

त्या जंगलात साळू एकच. ठकूबाई तिचं नाव. करवंदीच्या जाळीखाली तिचं बीळ. स्वभावाने गरीब, पण अंगभर हातहात लांब काटे. त्यामुळे तिच्याकडे कोणी फिरकत नसे. लग्नाकार्याला बोलावणं यायचं, तेही "जरा लांब बसा हं" असं बजावून. संध्याकाळी एक जिवबा तेवढा यायचा. जिवबा म्हणजे खवले मांजर. नाकापासून शेपटीपर्यंत टणक खवले, त्यामुळे त्याला काट्यांची भीती नव्हती. दोघं वारुळाशी बसत. फारसं बोलत नसत.

दवंडी पिटली त्याच्या दुसऱ्या सकाळी ठकूबाईने बिळातून डोकं बाहेर काढलं, तो दारात ही रांग!

सर्वांत पुढे भिकोबा अस्वल, हातात मधाचं पोळं. "वहिनी!" म्हणत त्याने तिला कडकडून मिठी मारली.

"अहो, टोचेल!" ठकूबाई ओरडली.

"टोचू द्या हो. आपल्यांचं टोचतं होय कधी?"

मिठी सुटली तेव्हा भिकोबाच्या पोटात चार काटे रुतले होते. ते तसेच घेऊन तो घरी गेला.

मग ससा आला. तो तिला मावशी म्हणाला. पाणमांजर म्हणालं, "आत्या, ओळखलं नाहीत?" माकडाने तर थेट आजेसासूकडून नातं जुळवलं. सगळ्यांनी मिठ्या मारल्या.

जन्मात पहिल्यांदा ठकूबाईला कोणी जवळ घेत होतं. तिचे डोळे भरून आले. हे सगळं काट्यांसाठी चाललंय, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण मिठी ती मिठीच, बाळांनो. तिची ऊब काही खोटी लागत नाही.

काटा जंगलात फिरू लागला आणि हळूहळू फिरायचा थांबलाही. काटा देऊन मासे घ्यायचे सोडून जो तो त्याला हळदकुंकू वाहू लागला. काट्याला पाय लागला, तर नमस्कार करू लागला. नवरीच्या कानात काटा नसला की वरमाय रुसून बसायची. ज्यांच्याकडे काटे नव्हते ते म्हणत, "काट्याकडेच काटा जातो." ज्यांच्याकडे ढीग होते ते म्हणत, "काटा काय, अंगाचा मळ!"

"ठकू, पाठीवर चार तरी राहू देत," जिवबा म्हणाला.

"अरे, उगवतील की पुन्हा. इतक्या प्रेमाने येतात बिचारे."

"येतात प्रेमाने. जाताना पाठीकडे बघतात."

पावसाळ्याच्या तोंडी ठकूबाईच्या अंगावर एक काटा उरला नाही. दारात एक पाहुणाही उरला नाही.

एके दिवशी तिन्हीसांजेला बिबट्या आला. ठकूबाईने सवयीने पाठ फिरवली, अंग फुलवलं, शेपटी हलवली. काहीच खडखडलं नाही. बिबट्याला हसू फुटलं. तो हसत होता तेवढ्यात ती पळाली.

"भावजी, दार उघडा!" तिने भिकोबाकडे हाक दिली. "बिबट्या मागे लागलाय. दोन काटे द्या, नुसते त्याच्या तोंडावर धरायला!"

भिकोबाने दार किलकिलं केलं. "वहिनी, जीव मागितला असतात तर दिला असता. पण तिन्हीसांजेला लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत हो." दार लागलं.

सशाने तर बिळातूनच सांगितलं, "मावशी, आमचे काटे धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेत!"

ठकूबाई धापा टाकत वारुळाजवळ जिवबाच्या दारात पोचली. जिवबाने विचारलं काहीच नाही. तिला आपल्या बिळात ढकललं आणि स्वतः तोंडाशी पाठ करून घट्ट बसला. बिबट्याने त्या पाठीला कडकडून चावा घेतला. सुळा मोडला. बिबट्या जबडा धरून जो गेला, तो परत आला नाही.

दिवाळीपर्यंत ठकूबाईला नवे काटे फुटले. पहिल्यापेक्षा लांब, पहिल्यापेक्षा टोकदार. आणि सकाळी दारात रांग हजर.

"वहिनी! किती वाळलात!" भिकोबाने हात पसरले.

ठकूबाईच्या डोक्यात संताप चढला. म्हटलं, आता दाखवतेच. तिने अंग फुलवलं, पाठ फिरवली आणि मागच्या मागे धावत भिकोबाच्या पोटावर अशी आदळली की काट्यांचं रानच तिथे उभं राहिलं.

भिकोबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण तोंडातून आवाज नाही. ओरडलं तर चार जण धावत येणार आणि दया येऊन काटे उपटून घेणार! त्याने दोन्ही हातांनी पोट झाकलं, दातओठ खात हसला आणि वाकत वाकत घरी निघाला.

ससा टाचा उंचावून बघत होता. त्याने पोट पुढे काढलं. "मावशी, मलाही तसंच! जमलं तर जरा जोरात!"

ठकूबाई गोंधळून बाजूला उभ्या असलेल्या जिवबाकडे वळली. "मी त्याला शिक्षा केली रे!"

"झाली की शिक्षा," जिवबा म्हणाला. "म्हणून तर रांग वाढली."

तात्पर्य: पैसा टोचतो, हे थोरामोठ्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. म्हणून, बाळांनो, टोचला तरी ओरडू नये. तो कुठे आहे ते शेजाऱ्यांना कळतं.